जीपला सात फटी का? ट्रिव्हिया आणि संशोधन यांच्यातला फरक



आज रिसर्च मेथडॉलॉजीचा एक मुद्दा समजून घेऊ, पण पुस्तकातून नाही, जीपमधून. पेट-नेटच्या तयारीत असाल तर हा मुद्दा परीक्षेत कदाचित विचारणार नाहीत. सिनॉप्सिसच्या दिवशी मात्र नक्की विचारतील.

माझं गाव दरेकसा. गोंदिया जिल्हा, सालेकसा तालुका, छत्तीसगडच्या सीमेला लागून. हावडा-मुंबई लाइनवर आमचं स्टेशन आहे. हाजरा फॉल बघायला येणारे आणि माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेला येणारे लोक इथेच उतरतात. माझे काकाजी कित्येक वर्षं याच भागात काळी-पिवळी चालवायचे. गाडीवेडा माणूस! सवारी भरेपर्यंत प्रवाशांना गाड्यांचे प्रश्न विचारायचे. त्यांच्या जुन्या जीपच्या तोंडावर सात उभ्या फटी होत्या. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर: "सात खंड फिरून आली ना ही गाडी, म्हनून सात फटी हायेत तिले."

मी हे शाळेपासून ऐकलं आणि कधी तपासलं नाही. एम.एस्सी. झालं, पीएच.डी.ला नाव लागलं, तरी ती सवय सुटली नव्हती. माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्याच पानावर एक छान वाक्य होतं, माझ्या विषयातली एक पद्धत सर्वप्रथम कुणी वापरली याबद्दल. खाली तीन पेपरचे संदर्भ. कमिटीतल्या मॅडमनी एवढंच विचारलं, "यातला मूळ कोणता?" मी घरी येऊन बघितलं. तिसऱ्याने दुसऱ्याचा संदर्भ दिला होता, दुसऱ्याने पहिल्याचा, आणि पहिल्याने कुणाचाच नाही. तीन संदर्भ दिसत होते, पुरावा शून्य होता. ते पान मला पुन्हा लिहावं लागलं आणि सादरीकरण पुढे गेलं.

त्या सुट्टीत गावी आले तेव्हा काकाजींच्या जीपकडे पहिल्यांदा संशोधक म्हणून पाहिलं. गाडीप्रेमींमध्ये चालणारे चार दावे घेतले. तुम्हीही माझ्यासोबत तपासा.

पहिला दावा: जीप म्हणजे 'जी.पी.', म्हणजेच 'जनरल पर्पज'

हा सगळ्यात लोकप्रिय. ऐकायला इतका नीट बसतो की शंकाच येत नाही. आता तारखा लावू.

जुलै १९४० मध्ये अमेरिकन लष्कराने हलक्या, चारही चाकांना जोर मिळणाऱ्या टेहळणी गाडीसाठी १३५ कंपन्यांकडे मागणी पाठवली. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या आराखड्यावरून पहिला नमुना २३ सप्टेंबर १९४० ला मेरीलँडमधल्या कॅम्प होलाबर्डला पोचवला. नंतर विलिस आणि फोर्ड यांनीही आपापले नमुने दिले. फोर्डच्या १९४१ च्या गाडीचं नाव होतं 'जीपी'. पण फोर्डच्या पद्धतीत 'जी' म्हणजे गव्हर्नमेंट, सरकारी कंत्राट. आणि 'पी' हे ८० इंच व्हीलबेसच्या गाडीचं चिन्ह. म्हणजे त्या 'जीपी'मध्ये ना जनरल होतं, ना पर्पज.

शिवाय 'जीप' हा शब्द या गाडीच्या आधीचा आहे. पॉपाय या प्रसिद्ध चित्रमालिकेत 'युजीन द जीप' नावाचा, कुठेही पोचू शकणारा अद्भुत प्राणी मार्च १९३६ मध्येच आला होता. सैनिक नव्या रंगरुटाला आणि इतर काही गाड्यांनाही 'जीप' म्हणायचे. फेब्रुवारी १९४१ मध्ये विलिसची गाडी वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉलच्या पायऱ्या चढली, त्याची बातमी 'जीप' या नावाने छापून आली आणि नाव सर्वतोमुखी झालं.

मग 'जीपी' अक्षरांचा काहीच वाटा नाही का? असेल. अनेक शब्दकोश आजही तो देतात आणि सोबत युजीनचंही नाव घेतात. एखाद्या दाव्याचा एक भाग तुटला म्हणजे सगळा दावा खोटा ठरत नाही. आपण लिहिताना नेमका कोणता भाग तुटला ते लिहायचं.

दुसरा दावा: सात खंड, सात फटी

इथे एकच नियम पुरतो: कारण आधी, परिणाम नंतर. युद्धकाळात सुरुवातीच्या विलिस एमबी गाड्यांना पट्ट्या जोडून केलेली जाळी होती. मग फोर्डची पत्रा दाबून केलेली स्वस्त जाळी आली आणि तीच विलिसनेही घेतली. तिच्यात नऊ फटी होत्या. १९४५ मध्ये विलिसने सामान्य ग्राहकांसाठी सीजे-२ए आणली. तिचे हेडलाइट मोठे झाले, मधली जागा कमी उरली आणि फटी सात झाल्या. फोर्डच्या नऊपेक्षा वेगळं दिसावं हेही एक कारण सांगतात. ही दोन्ही कारणं १९४५ मध्ये हजर होती. सात खंडांचा मान मिळाला म्हणून फटी वाढल्या असं म्हणायचं, तर नवाच्या सात कशा झाल्या?

काकाजींना हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मला वाईट वाटलं. पण खरी गोष्ट त्यांच्या गोष्टीपेक्षा कमी नाही असं मला आजही वाटतं. हेडलाइट मोठे झाले, कारण लढाईतली गाडी आता शेतकऱ्याच्या दारात जाणार होती.

तिसरा दावा: जीप विलिसने बनवली

हा वाद फक्त चहाच्या टपरीवरचा नाही. युद्धात विलिसने तशा जाहिराती केल्या. १९४३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यावर तक्रार दाखल केली. १९४८ चा निष्कर्ष असा, की जीपची निर्मिती एकट्या विलिसची म्हणता येणार नाही. मूळ कल्पना बँटम आणि लष्करी अधिकारी यांच्या कामातून आली. तरीही १९५० मध्ये 'जीप' हा ट्रेडमार्क विलिसलाच मिळाला. सर्वाधिक गाड्या त्यांनी बनवल्या आणि नावही त्यांच्याकडे गेलं. बँटमचं नाव मागे पडलं.

म्हणजे 'पहिलं कोण?' या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेत: नमुना पहिला कुणाचा, मोठं उत्पादन कुणाचं आणि नाव कुणाचं. तिघांची उत्तरं वेगळी. माझ्या सिनॉप्सिसमधल्या 'सर्वप्रथम'चंही असंच होतं. मी काय मोजतेय तेच मी ठरवलं नव्हतं.

ही जुनी भांडणं आपल्याशी कशी जोडली जातात तेही बघा. २ ऑक्टोबर १९४५ ला 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी सुरू झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. मुंबईत माझगावला विलिसच्या जीपची जोडणी होऊ लागली. सत्तर वर्षांनी, २०१८ मध्ये, महिंद्राच्या 'रॉक्सर' गाडीचं रूप जीपसारखं आहे म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगापुढे तक्रार झाली. २०२० मध्ये आधी निकाल रॉक्सरच्या विरोधात गेला, आणि रूप बदलल्यावर वर्षअखेर बदललेल्या गाडीला मोकळीक मिळाली. गाडीच्या तोंडाचा आकार कुणाचा, यावर तिथे प्रत्यक्ष धंदा अवलंबून होता.

चौथा दावा: पूर्ण खरा, पण अर्धा

मोटारस्पोर्टच्या क्विझमध्ये हमखास येतं: नारायण कार्तिकेयन २००५ च्या अमेरिकन ग्रां प्रीमध्ये चौथा आला आणि त्याला पाच गुण मिळाले. शंभर टक्के खरं. पण १९ जून २००५ ला इंडियानापोलिसमध्ये टायरच्या सुरक्षिततेच्या कारणावरून मिशेलिन टायरच्या १४ गाड्या फॉर्मेशन लॅपनंतर पिटमध्ये परतल्या. शर्यतीत उरल्या सहा. सहापैकी चौथा. त्याची मेहनत यामुळे लहान होत नाही, त्या गाडीपर्यंत पोचणारा तो पहिलाच भारतीय होता. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने 'चौथा' ऐकल्यावर 'कितीपैकी?' विचारलंच पाहिजे. पेपरमध्ये '७५ टक्के यश' दिसलं की नमुने चार होते की चारशे, ते आधी बघा.

तर वहीत चार प्रश्न लिहून ठेवा:

१. हे सर्वात आधी कुणी, कधी लिहिलं? संदर्भाचा संदर्भ उघडून बघा.
२. सांगितलेलं कारण परिणामाच्या आधीचं आहे का?
३. 'पहिला', 'सर्वात मोठा' म्हणताना नेमकं काय मोजलं?
४. कितीपैकी?

ट्रिव्हियाला नावं ठेवू नका. काकाजींच्या प्रश्नांमुळेच मला 'का' विचारायची सवय लागली. फक्त तिथे थांबू नका, एवढंच.

जाता जाता एक गृहपाठ. गाडीप्रेमी सांगतात, की महिंद्राने दुसरं 'एम' कायम ठेवलं कारण 'एम अँड एम' छापलेले कागद आधीच तयार होते. गोष्ट गोड आहे. ती खरी ठरवायला तुम्हाला कोणता कागद हातात लागेल आणि खोटी ठरवायला कोणता? उत्तर शोधण्याआधी हे दोन्ही लिहून काढा. माझी सिनॉप्सिस दुसऱ्यांदा मान्य झाली ती याच सवयीने.

आणि काकाजी? परवा फोनवर म्हणाले, "आता मी सवारीले पॉपायची गोष्ट सांगतो." मी खुश. मग हळूच विचारलं, साल कोणतं सांगता? म्हणाले, "त्रेसष्ट."

छत्तीसचं त्रेसष्ट! बघा, नवा ट्रिव्हिया तयार झालासुद्धा.