खांब पक्का, वाट मोकळी



भिंत, कठडा, चर, जो अडथळा समोर येईल तो केवळ हातापायांच्या बळावर धावत ओलांडावयाचा, या विद्येला पार्कूर म्हणतात. फ्रान्सच्या रस्त्यांवर वाढलेली ही विद्या आता सार्वजनिक क्रीडागृहात आली आहे. तेथे बॅडमिंटनवालेही असतात, व्यायामाला येणाऱ्या बायाही असतात. मग पार्कूरची कायमची साधने तेथे कोणत्या धोरणाने उभारावी? हा प्रश्न निव्वळ लोहारकामाचा वाटतो. आमच्या मते त्याचे उत्तर इतिहासात आहे.

बर्लिनजवळ हाझेनहायडे येथे १८११ साली फ्रीडरिख लुडविग यान याने उघड्यावर व्यायामभूमी थाटली. चढावयाचे खांब, दोरखंड, आडवे दांडे यांवर तरुण कसरत करू लागले. सरकारला त्या मेळाव्यांची धास्ती वाटली. १८१९ साली यानला अटक झाली; १८२० साली प्रशियात या व्यायामावर बंदी आली, ती १८४२ साली उठली. पुढे ही कसरत शाळांच्या छपराखाली नांदू लागली. तेथे साधनांची मापे ठरली, मापांवरून प्रकार ठरले, प्रकारांना गुण ठरले. डबलबार हे मुळात दंडात बळ आणण्याचे साधन. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्यावरच पदके मिळू लागली. साधन होते ते साध्य होऊन बसले.

स्वीडिश व्यायामपद्धतीने निराळी तोड काढली. तिने लाकडी शिड्या भिंतीलाच जखडल्या. साधन कायमचे, पण जमीन सर्वांना मोकळी! आपल्या तालमीतला मल्लखांबही याच समजुतीचा आहे. तो एका खांबापुरती जागा घेतो आणि हौदा कुस्तीला सोडतो.

पार्कूरची मुळे मात्र उपयोगाच्या कामात आहेत. फ्रेंच नौदलातील अधिकारी जॉर्ज एबेर १९०२ साली मार्टिनिक बेटावरील ज्वालामुखीच्या उत्पातात लोकांना वाचविण्याच्या कामी होता. उपयोगी पडण्यासाठी बळकट व्हावे, ही त्याची शिकवण. तिच्यातून वाढलेले अडथळ्यांचे शिक्षण पॅरिसच्या अग्निशामक दलातील रेमों बेल याच्यापर्यंत आणि त्याच्याकडून त्याचा मुलगा दाव्हिद याच्यापर्यंत पोहोचले. लिस या उपनगरात दाव्हिद व त्याचे सोबती घडले ते जिने, कठडे आणि भिंती यांवर. त्यांच्यासाठी कोणी साधन केले नव्हते.

ब्रिटनमध्ये २०१३ साली पार्कूरच्या साधनांसाठी सुरक्षेचे मानक निघाले. ते हवेच होते. २०१७ साली आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक महासंघाने ही विद्या आपल्या छत्राखाली घेण्याचे ठरविले, तेव्हा ती करणाऱ्यांच्या संघटनांनी उघड विरोध केला. तरीही २०२२ साली टोकियोत महासंघाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. डबलबारचा इतिहास पुन्हा घडावयाचा नसेल, तर आराखड्याच्या वेळीच सावध राहिले पाहिजे.

पक्के काय असावे? पाया आणि खांब. साठ किलोचा गडी दांड्याच्या पातळीपासून झोका घेऊन खाली आला, की तळाशी दांड्यावर वजनाच्या तिप्पट ओढा येतो, म्हणजे १८० किलो. दांड्यावर उलटा उभा राहून पूर्ण फेरी घेतली, तर पाचपट, ३०० किलो. हा भार पोकळ विटांच्या भिंतीवर टाकणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. स्पर्धेचा दांडा २८ मिलिमीटर जाडीचा असतो. बांधकामाच्या पराचीचा नळ ४८ मिलिमीटरहून किंचित जाड, रस्त्यावरच्या कठड्यासारखा. म्हणून पार्कूरला असा नळच चांगला. मोकळे काय ठेवावे? आडवे नळ क्लॅम्पने वरखाली करता यावेत. पेट्या हलविता याव्यात. मधले खांब काढून त्यांच्या खाचांवर जमिनीच्या पातळीत झाकणे बसावीत. बाकी सारे भिंतीकडेला. मैदानाची रेघ आणि तिच्या बाहेर धावण्याची जागा यांत काहीही येता कामा नये.

कारखान्यात पाळ्या ठरविण्याच्या वाटाघाटींत आमची वर्षे गेली. एकाच यंत्रावर तीन पाळ्यांची माणसे राबतात, तेव्हा यंत्र कोठे बसवावे हे तिघांना विचारावे लागते. क्रीडागृहाचेही तसेच आहे. कायमचा खांब ही पुढच्या वीस वर्षांची वाटणी असते. तेव्हा नकाशावर सही होण्याआधी उड्या मारणारी पोरे, बॅडमिंटनवाले, त्या बाया आणि रोज झाडलोट करणारा कामगार, सर्वांना एका मेजाशी बसवा. हा त्यांचा हक्क आहे, आणि तो मागून घेतला पाहिजे.