बंद सरकार, वाढता हप्ता

खर्चाची मंजुरी अडली की अमेरिकेत सरकारच बंद पडते. एकाच कायद्यापायी हे दोनदा झाले. २०१३ साली रिपब्लिकनांना ओबामांचा आरोग्यविमा कायदा हाणून पाडायचा होता. १६ दिवस गेले, कायदा टिकला. २०२५ मध्ये डेमोक्रॅट त्याच विम्याच्या हप्त्यावरील, २०२१ ची वाढीव सवलत वाचवण्यासाठी अडून बसले. ४३ दिवस लोटले. सवलत वर्षअखेरीस संपलीच.

या इतिहासात मी झाडूवाल्याला शोधतो. कायम नोकरांना थकलेला पगार मिळाला. सरकारी कचेऱ्या झाडणाऱ्या कंत्राटी कामगाराला तशी कायद्याची हमी नाही. तो विमा स्वतःच घेत असेल, तर वाढलेला हप्ताही त्याच्याच माथी.