उपाशी माणसांचा शेजार

अल्माटीत वैद्यकीय शिकत असताना मी एका कोरियन आजींकडे भाड्याने राहत होते. कझाकस्तानात कोरियन माणसं कुठून आली, असं विचारलं की आजी गाजराचं तिखट मोरकोव्चा कालवता कालवता आईकडून ऐकलेलं सांगू लागायच्या.

१९३७ साली स्टालिनच्या हुकमाने सोव्हिएत अतिपूर्वेतल्या सुमारे १ लाख ७२ हजार कोरियनांना घरदार सोडायला लावून आगगाड्यांत भरलं. जपानचे हेर असतील, एवढाच संशय. महिनाभराच्या प्रवासात किती लेकरं, म्हातारी माणसं वाटेतच गेली. कझाकस्तानातल्या उश्तोबेला गाडी रिकामी केली तेव्हा समोर नुसतं माळरान. बास्तोबे टेकडीजवळ जमिनीत खड्डे खणून, त्यांवर छप्पर घालून त्यांनी पहिला हिवाळा काढला. “कझाक बायका नान आणि दूध आणून द्यायच्या. आईला त्यांची भाषा येत नव्हती, ती वाकून नमस्कार करायची,” आजी सांगत.

त्या बायकांच्या घरी तरी कुठे सुबत्ता होती! शेजारचे कझाक आजोबा आपल्या सात पिढ्यांची नावं घडाघडा म्हणत. पण वडिलांच्या भावंडांची गोष्ट निघाली की आवाज उतरायचा. “हा उपासमारीत गेला, त्याच्या पाठची बहीणही.” सक्तीच्या सामूहिकीकरणात कळप हिरावले गेले आणि १९३० ते ३३ च्या दुष्काळात सुमारे १५ लाख माणसं मेली, त्यांतली बहुतेक कझाक. लाखो जण चीनकडे, शेजारच्या मुलखांत पळाले.

त्या ओसाड झालेल्या भूमीवर मग १९४१ मध्ये व्होल्गाकाठचे जर्मन, १९४४ मध्ये चेचेन आणि इंगुश लोक आणून टाकले. १९५४ पासून पडीक जमीन नांगरायला रशियन, युक्रेनियन आले. १९५९ च्या जनगणनेत कझाक आपल्याच देशात जेमतेम ३० टक्के उरले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर बहुतेक जर्मन जर्मनीला गेले, परदेशातले कझाक परतू लागले. २०२१ पर्यंत देशातलं कझाकांचं प्रमाण ७० टक्क्यांवर आलं.

हुकूम काढून माणसं एका माळावर आणता येतात. शेजारधर्म हुकमाने येत नाही. ज्या घरांतली पोरं चार-पाच वर्षांपूर्वी भुकेने गेली, त्याच घरांतून परक्यांच्या पोरांना नान गेलं. जनगणनेच्या कुठल्याच रकान्यात हे सापडणार नाही. घराघरांतल्या आजी-आजोबांपाशी ते आहे, आणि ते आहेत तोवर आपण विचारायला हवं.