यंत्रे बदलली, करार टिकला

सुपरकॉम्प्युटरचा इतिहास आपल्याकडे यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अमेरिकेने हवा तसा क्रे द्यायला नकार दिला, १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. ही कहाणी अभिमानाची आहेच. पण ज्या ट्रान्सप्युटर चिपवर तो परम चालत होता, ती चिप काही वर्षांतच मागे पडली. यंत्र असे बदलते, तेव्हा त्यासाठी लिहिलेल्या शास्त्रीय प्रोग्रामचे काय होते? मला हा दुसरा इतिहास जास्त मोलाचा वाटतो.

त्याची सुरुवात साध्या गणितापासून होते. हवामान असो की पुलाची मजबुती, शेवटी संगणकाला आकड्यांच्या मोठमोठ्या चौकटींची, म्हणजे मॅट्रिक्सची, आकडेमोड करावी लागते. पूर्वी ही आकडेमोड जो तो आपापल्या पद्धतीने लिही आणि यंत्र बदलले की पुन्हा लिही. १९७९ मध्ये लॉसन, हॅन्सन, किनकेड आणि क्रोग यांनी ‘ब्लास’ मांडले. त्यात त्यांनी मूलभूत क्रियांची नावे आणि त्यांना माहिती कशी द्यायची याची रीत ठरवून दिली. आत ती क्रिया कशी करायची, हे ज्याच्या त्याच्या यंत्रावर सोडले. त्याच वर्षी ‘लिनपॅक’ची मार्गदर्शिका आली आणि पुढे १९९२ मध्ये ‘लापॅक’. हे दोन्ही संच ब्लासवर उभे आहेत. यंत्र नवे आले की कंपनीने फक्त ब्लास वेगवान करायचे, वरचा डोलारा तसाच राहतो.

पुढे हजारो प्रोसेसर एकत्र जोडायचे दिवस आले, तेव्हा पुन्हा तोच गोंधळ झाला. प्रोसेसरांनी एकमेकांना निरोप कसा पाठवायचा, याची प्रत्येक कंपनीची बोली निराळी. एका यंत्रावरचा प्रोग्राम दुसऱ्यावर मुका. एप्रिल १९९२ मध्ये व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्ग इथे यावर बैठक झाली. १९९३ मध्ये शास्त्रज्ञ आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांची माणसे दर सहा आठवड्यांनी एकत्र बसून एकेक नियम ठरवू लागली. १९९४ मध्ये ‘एमपीआय’ हे मानक जाहीर झाले. कोणताही कायदा ते पाळायला भाग पाडत नव्हता. अरगॉन प्रयोगशाळेने ‘एमपीआयसीएच’ हे चालते सॉफ्टवेअर खुले करून दिले, त्यामुळे मानक कागदावर राहिले नाही.

तरी भांडण मिटले नव्हते. पेट्सी, ट्रिलिनोस, हायपर, सुपरएलयू असे उत्तम संच वेगवेगळ्या प्रयोगशाळांत वाढले. पण एकाच प्रोग्रामात दोन संच घेतले की नावे एकमेकांवर आदळत, एकाला एक आवृत्ती हवी तर दुसऱ्याला दुसरी. यातून ‘एक्सएसडीके’ हा प्रकल्प आला. त्याची पहिली आवृत्ती २०१६ ची. त्याचे नियम वाचले की मला एकाच घरात राहणाऱ्या बिऱ्हाडांचे नियम आठवतात. वापरणाऱ्याने दिलेल्या प्रोसेसरांच्या गटातच काम करा, सगळे यंत्र आपलेच समजू नका. आपली नावे इतरांच्या नावांत मिसळू देऊ नका. बंद करता येणार नाही असा मजकूर पडद्यावर छापत बसू नका. कुणीही आपला संच मोडून दुसऱ्यात विलीन करायचा नाही; वेगळे राहूनच एकत्र नांदायचे.

मला या इतिहासातली हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. सगळे एकसारखे झाले तरच एकत्र काम होते, हा समज इथे खोटा ठरला. फक्त सांधा ठरवावा लागतो, आणि तो सगळ्यांनी बसून ठरवावा लागतो.

२००३ मध्ये ‘परम पद्म’ जगातल्या ५०० वेगवान संगणकांच्या यादीत आला, तो लिनपॅकच्याच कसोटीवर. २०१८ पासून पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत ‘प्रत्युष’ काम करू लागला. पेरणीची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला मिळणाऱ्या पावसाच्या अंदाजामागे असे निरोपांचे करार आहेत. पण यंत्राच्या उद्घाटनाला फीत कापली जाते, सांधा सांभाळणाऱ्याला मात्र कुणी ओळखत नाही. तो थकला, त्याचा निधी थांबला, की नवे यंत्रही नुसते वीज खाणारे कपाट उरते. यंत्रासाठी पैसे मंजूर करताना हा खर्चही त्याच कागदावर लिहिला गेला पाहिजे.