तबकडीच्या अखेरीस उच्चारलेले नाव

गाणे एका देशाचे आणि ते साठविणारी वस्तू दुसऱ्या देशी घडविलेली, ही व्यवस्था ध्वनिसाधनांच्या व्यवसायात नवी नव्हे. भारतात ग्रामोफोन तबकडीचा आरंभच तिच्यातून झाला. अशा व्यवस्थेत गुणवत्तेची राखण कोणी करावयाची, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गायझबर्ग १९०२ च्या अखेरीस कलकत्त्यास आले आणि त्या नोव्हेंबरात त्यांनी गौहरजान आदी गायिकांचे गायन मेणावर मुद्रित केले. परंतु कंपनीचा तबकड्या काढण्याचा कारखाना तेव्हा येथे नव्हता. मेणाच्या मूळ प्रती जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात. तेथे त्यांवर विजेच्या साहाय्याने धातूचा थर चढवून साचे करीत आणि त्या साच्यांनी काढलेल्या तबकड्या आगबोटीने परत येत. तबकडीच्या मिश्रणास बांधून ठेवणारी लाखही मुख्यतः हिंदुस्थानातूनच जाई. कंठ येथला, लाख येथली, ग्राहक येथला. साचा मात्र तेथला.

हॅनोव्हरच्या कारागिरांचे कौशल्य उणे नव्हते. उणीव भाषेची होती. साचा सदोष असल्यास त्यांच्या कानास ते कळे, पण गाणारी कोण हे कळण्यास मार्ग नसे. म्हणून गाणे संपताच कलावंताने स्वतःचे नाव उच्चारावे, अशी वहिवाट पडली. गौहरजान यांनी इंग्रजीत सांगितलेले आपले नाव आजही ऐकावयास मिळते. आरंभीच्या पाश्चात्त्य मुद्रणांतही नाव पुकारीत असत, तेव्हा ही रीत केवळ आपल्यासाठी निघाली असे म्हणता येणार नाही. परंतु येथे तिला ओळख पटविण्याचे विशेष काम करावे लागले. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला आणि पुढे ही वहिवाट मागे पडली. गाणारा व घडविणारा यांतील अंतर कमी झाले, हे त्याचे एक कारण मानावयास हरकत नाही.

यातील बोध भाषाभ्यासकासही लागू पडतो. साक्री तालुक्यात अहिराणीचे मुद्रण करून त्याचे लेखन दूरच्या लेखनिकाकडे सोपविले, तर वक्त्याचा 'डोया' कागदावर सहज 'डोळा' होतो. लेखनिक प्रामाणिक असतो. तो आपल्या समजुतीप्रमाणे चूक सुधारतो, आणि त्या सुधारणेत अहिराणीचे ध्वनिवैशिष्ट्यच नाहीसे होते. यंत्र निर्दोष असूनही पुरावा बिघडतो.

म्हणून वक्त्याचे नाव, गाव आणि दिनांक त्याच्याच आवाजात मुद्रित करून घ्यावे आणि लिहिलेली प्रत मूळ आवाजाशी, शक्य तर त्याच्याच समक्ष, ताडून पाहावी. काम परक्या हाती देता येते. ते पारखणारा कान मात्र त्या भाषेतलाच असावा लागतो.