गहाळ नोंदी आणि नागरिकांची चिंता : कोतवाल पंजीपासून 'आधार'पर्यंत

प्रस्तावना

आधुनिक शासनसंस्थेचा कारभार नोंदींवर चालतो. जन्म, मृत्यू, जमीन, जात, उत्पन्न आणि वास्तव्य यांची नोंद असल्याशिवाय शासनाला कर आकारता येत नाही आणि नागरिकाला शिधा, शिष्यवृत्ती किंवा निवृत्तिवेतन मिळत नाही. त्यामुळे नागरिक आपली वैयक्तिक माहिती शासनाच्या स्वाधीन करतो. यात विश्वासाचा भाग असतो, तसाच नाइलाजाचाही असतो. अशा रीतीने घेतलेली माहिती शासकीय यंत्रणेच्याच हातून हरवली तर तिची भरपाई कोणी करावयाची, हा प्रश्न एप्रिल २०१३ मध्ये महाराष्ट्रासमोर ठळकपणे उभा राहिला. 'आधार' क्रमांकासाठी अर्ज केलेल्या सुमारे ३ लाख नागरिकांची माहिती गहाळ झाल्याची कबुली राज्य शासनाने त्या महिन्यात दिली.

प्रस्तुत लेखात या घटनेचा विचार नोंदींच्या दीर्घ इतिहासाच्या संदर्भात केला आहे. नोंद कागदावर असो वा संगणकात, ती हरवते कार्यालयाकडून. परंतु ती पुन्हा उभी करण्याचे ओझे मात्र नागरिकावर पडते, असे या इतिहासावरून दिसून येते. लोकांच्या चिंतेचे मूळही प्रामुख्याने येथेच आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

नोंदींची जुनी परंपरा आणि झाडीपट्टी

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. अर्जुनी मोरगाव तालुक्यासह हा सर्व प्रदेश १९५६ पर्यंत जुन्या मध्यप्रांताचा भाग होता. त्यामुळे येथील जुन्या दप्तरावर मध्यप्रांताच्या प्रशासनाची छाप आढळते. त्यातील सामान्य माणसाच्या आयुष्याशी सर्वात निगडित असलेले दप्तर म्हणजे कोतवाल पंजी. गावातील जन्म व मृत्यूची वर्दी गावचा कोतवाल देत असे आणि ती या पंजीत चढविली जात असे. तिच्यात बापाचे नाव, जात, मूल मुलगा की मुलगी आणि तारीख एवढाच मजकूर असे. नवजात मुलाचे नाव अनेकदा नसेच, कारण बारसे व्हायचे असे.

ही पंजी ज्या काळी लिहिली गेली त्या काळी तिचा हेतू लोकसंख्येचा व रोगराईचा अंदाज घेणे हा होता. स्वातंत्र्योत्तर काळात मात्र तिला वेगळेच महत्त्व प्राप्त झाले. महाराष्ट्रात जातीचा दाखला व त्याची वैधता यांसाठी पूर्वजांचे वास्तव्य आणि जात सिद्ध करावी लागते. त्यासाठी अनुसूचित जातींकरिता १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींकरिता ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींकरिता २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांकरिता १३ ऑक्टोबर १९६७ या तारखा आधारभूत मानल्या जातात. त्यांपूर्वीचा पुरावा म्हणून आजोबा-पणजोबांची कोतवाल पंजीतील नोंद अत्यंत मोलाची ठरते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या पिढ्यांच्या बाबतीत तर ती बहुधा एकमेव नोंद असते.

अशा वेळी पंजीचे पान फाटलेले, वाळवीने खाल्लेले किंवा शाई उडालेले निघाले, तर त्याची झळ कोणाला बसते? जातप्रमाणपत्रासंबंधीच्या महाराष्ट्र अधिनियमाच्या (२००१ चा २३) कलम ८ नुसार जात सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर आहे. कागद जपण्याचे काम शासनाचे होते; तो नसल्याचा परिणाम मात्र विद्यार्थ्याच्या प्रवेशावर आणि उमेदवाराच्या नोकरीवर होतो. 'अभिलेख उपलब्ध नाही' हा शेरा लिहिणारे कार्यालय त्या शेऱ्याने अडचणीत येत नाही.

मंत्रालयातील आग आणि संगणकीकरणाचा विश्वास

कागदी दप्तराच्या नाशवंतपणाचा सर्वात मोठा धक्का महाराष्ट्राला २१ जून २०१२ रोजी बसला. मुंबईतील मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरली. तिच्यात ५ जणांचा मृत्यू झाला आणि असंख्य फायली जळाल्या. आदर्श गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणाचे कागद सुरक्षित आहेत किंवा नाहीत, याचीच चर्चा तेव्हा सर्वाधिक झाली. परंतु ज्यांचे साधे अर्ज, अपिले आणि प्रस्ताव त्या इमारतीत होते, अशा दूरच्या जिल्ह्यांतील नागरिकांची चिंता फारशी चर्चेत आली नाही.

या आगीनंतर दप्तराच्या संगणकीकरणाची मागणी अधिक जोमाने पुढे आली. कागद जळतो, संगणकातील माहिती टिकते, असा विश्वास सर्वत्र व्यक्त होऊ लागला. या विश्वासाची परीक्षा अवघ्या दहा महिन्यांत झाली.

एप्रिल २०१३ : ३ लाख नोंदींचा प्रश्न

'आधार' योजनेचे महाराष्ट्राशी विशेष नाते आहे. भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाची स्थापना जानेवारी २००९ मध्ये नियोजन आयोगाच्या अधिसूचनेने झाली आणि देशातील पहिले 'आधार' क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात वितरित करण्यात आले. नाव, पत्ता, जन्मतारीख, छायाचित्र, दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा एवढी माहिती प्रत्येक अर्जदाराकडून घेण्यात येत असे.

एप्रिल २०१३ मधील वृत्तानुसार, राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाकडून ही माहिती मुंबईहून बंगळूर येथील प्राधिकरणाच्या सर्व्हरकडे पाठविली जात होती. पाठवणी सुरू असतानाच ती साठविलेली हार्ड डिस्क निकामी झाली. बंगळूरला जे पोहोचले ते सांकेतिक लिपीतून उलगडता आले नाही. हरवलेल्या माहितीत पॅन क्रमांक व जैविक माहितीचा समावेश होता. परिणामी सुमारे ३ लाख अर्जदारांना पुन्हा नोंदणी करावी लागणार, असे स्पष्ट झाले.

येथे माहिती 'गहाळ होणे' आणि माहिती 'उघड होणे' यांत भेद करणे आवश्यक आहे. सांकेतिक लिपीत बंदिस्त असलेली माहिती सहजासहजी परक्याच्या हाती लागत नाही, ही जमेची बाजू होय. परंतु त्याच बंदिस्तपणामुळे, एकदा बिघडलेली माहिती ज्याने गोळा केली त्यालाही परत मिळत नाही. कोतवाल पंजीचे अर्धे फाटलेले पान निदान अर्धे तरी वाचता येते. बिघडलेल्या सांकेतिक संचिकेतून काहीच वाचता येत नाही.

पुन्हा नोंदणी म्हणजे केवळ एक अर्ज पुन्हा भरणे नव्हे. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाचा त्यात एक दिवसाचा रोज बुडतो. धानपट्ट्यात रोवणी-कापणीच्या हंगामात असा दिवस काढणे अवघड असते आणि वर्षानुवर्षे चिखलात व मातीत काम केलेल्या बोटांचे ठसे यंत्राला एका वेळी उमटतीलच असेही नसते. अनुदाने थेट बँक खात्यात जमा करण्याची योजना १ जानेवारी २०१३ पासून देशातील निवडक जिल्ह्यांत सुरू झाली होती. त्यामुळे 'आधार' नसणे म्हणजे लाभापासून वंचित राहणे, अशी भीती सर्वत्र होती. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१३ रोजी अंतरिम आदेश देऊन, 'आधार' नाही म्हणून कोणाचेही नुकसान होऊ नये, असे सांगितले. ही भीती निराधार नव्हती, याचीच ती पावती होय.

ब्रिटनमधील तुलनात्मक उदाहरण

अशीच एक घटना ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २००७ मध्ये घडली होती. तेथील महसूल व सीमाशुल्क विभागाने बालभत्ता घेणाऱ्या सर्व कुटुंबांची माहिती दोन तबकड्यांवर घालून लंडनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाकडे टपालाने पाठविली. त्या तबकड्या पोहोचल्याच नाहीत. सुमारे २.५ कोटी व्यक्तींची नावे, पत्ते, जन्मतारखा आणि बँक खात्यांचे तपशील त्यांत होते आणि ते सांकेतिक लिपीत नव्हते.

या दोन घटनांत महत्त्वाचा फरक आहे. ब्रिटनमध्ये मूळ नोंद कार्यालयात शाबूत होती. भीती होती ती प्रत परक्याच्या हाती जाण्याची. महाराष्ट्रात अर्जदारांची नोंदणीच निष्फळ ठरली. उत्तरदायित्वाच्या बाबतीतही फरक दिसून येतो. ब्रिटनचे अर्थमंत्री ॲलिस्टर डार्लिंग यांनी २० नोव्हेंबर २००७ रोजी संसदेत स्वतः ही माहिती दिली, विभागप्रमुखांनी राजीनामा दिला आणि पंतप्रधानांनी माफी मागितली. राष्ट्रीय ओळखपत्र योजनेवरील जनतेचा विश्वास या घटनेने आणखी ढासळला. पुढे ती योजना २०१० च्या कायद्याने रद्दही झाली. तबकड्या सापडल्या नाहीत, परंतु चूक कोणाची हे नागरिकांना विचारावे लागले नाही.

कायद्यातील पोकळी

२०१३ मध्ये महाराष्ट्रातील बाधित नागरिकांपुढे कायद्याचा कोणता मार्ग होता? माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० मधील कलम ४३-अ नुसार संवेदनशील माहिती जपण्यात हयगय झाल्यास भरपाई मागता येत होती. परंतु ती कंपन्या व व्यावसायिक संस्थांकडून. शासकीय विभाग तिच्या कक्षेत येत नव्हता. 'आधार'ला तर स्वतःचा कायदाच नव्हता. २०१० मध्ये राज्यसभेत मांडलेले विधेयक संसदेच्या वित्तविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०११ मध्ये अमान्य केले होते. 'आधार' अधिनियम २०१६ मध्ये आला. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला.

त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित करण्यात आले. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. या कायद्यातील माहितीभंगाच्या व्याख्येत माहिती उघड होण्याबरोबरच ती नष्ट होणे व हाती न राहणे यांचाही समावेश आहे, तसेच प्रत्येक बाधित व्यक्तीला कळविण्याचे बंधन आहे. २०१३ च्या घटनेकडे पाहता ही निश्चितच प्रगती होय. तथापि दोन त्रुटी राहतात. पहिली अशी की, राज्याच्या सुरक्षिततेसारख्या कारणांसाठी शासकीय यंत्रणांना अधिसूचनेद्वारे या कायद्यातून वगळण्याचा अधिकार केंद्र शासनाने स्वतःकडे ठेवला आहे. दुसरी अशी की, या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद असली तरी तो दंड शासनाच्या तिजोरीत जमा होतो. ज्याचा रोज बुडाला, ज्याचा लाभ थांबला, त्याच्या हाती काही पडत नाही. उलट कलम ४३-अ वगळण्याची तरतूदही याच कायद्यात आहे.

ओझे वाटून घेण्याचे एक उदाहरण

नोंद नसल्याचे ओझे नेहमी नागरिकावरच पडावे, असा काही निसर्गनियम नाही. याचे उदाहरण वनहक्क अधिनियम २००६ मध्ये सापडते. अनुसूचित जमातींव्यतिरिक्त इतर पारंपरिक वननिवासींना या कायद्यानुसार तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. जंगलालगतच्या गावांकडे एवढा जुना कागद असणे दुर्मिळ. म्हणून २००८ च्या नियमांतील नियम १३ मध्ये शासकीय कागदपत्रांबरोबरच घर, विहीर, बांध, स्मशान यांसारख्या खुणा आणि गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब हेही पुरावे म्हणून स्वीकारले आहेत. दाव्यांची पडताळणी प्रथम ग्रामसभा करते. या तरतुदीची अंमलबजावणी सर्वत्र सारखी झाली नसली, तरी शासनाच्या दप्तरात कागद नाही म्हणून माणसाचा हक्क संपत नाही, हे तत्त्व तिने मान्य केले आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, वैयक्तिक माहिती गहाळ होण्याविषयीची लोकांची चिंता ही तंत्रज्ञानाविषयीच्या अज्ञानातून आलेली नाही. कोतवाल पंजीच्या फाटक्या पानापायी तालुक्याच्या कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला नोंद हरवण्याचा अर्थ चांगला ठाऊक आहे. हार्ड डिस्कने त्या अनुभवात भर घातली ती प्रमाणाची : एक पान हरवले तर एका कुटुंबाचे नुकसान होते, एक तबकडी बिघडली तर लाखोंचे. दि. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारीख व जन्मस्थानाचा पुरावा ठरला आहे. त्यामुळे एका नोंदीवर अवलंबून असलेल्या हक्कांची संख्या पुढील काळात वाढतच जाणार आहे.

अशा परिस्थितीत माहिती सुरक्षित ठेवण्याच्या उपायांइतकेच ती हरवल्यानंतरच्या व्यवस्थेलाही महत्त्व दिले पाहिजे. बाधितांना विनाविलंब कळविणे, फेरनोंदणीसाठी यंत्रणेने गावापर्यंत जाणे, बुडालेल्या मजुरीची भरपाई करणे आणि नोंद पूर्ववत होईपर्यंत कोणताही लाभ न थांबविणे या किमान अपेक्षा होत. जो नोंद मागतो त्यानेच ती जपावी, आणि जपता आली नाही तर तिचे मोलही त्यानेच चुकवावे, हा न्याय कागदाच्या काळात पाळला गेला नाही. संगणकाच्या काळात तरी तो पाळला जावा, एवढीच या इतिहासाची शिकवण होय.