विलायती मेंदी: नाव मेंदीचं, नातं जांभळाशी

'मर्टल'चं रोप ऑनलाइन मागवणाऱ्याच्या हाती भलतंच झाड पडू शकतं, कारण या नावाखाली निदान तीन वेगवेगळी झाडं विकली जातात. खरं सुगंधी मर्टल म्हणजे मिर्टस कम्युनिस. भूमध्य समुद्राकाठचं हे सदाहरित झुडूप भारतात 'विलायती मेंदी' या नावाने ओळखलं जातं. गंमत अशी, की मेंदीशी त्याचं काहीच नातं नाही. ते पेरू, जांभूळ, लवंग आणि निलगिरीच्या कुळातलं आहे. उलट गुलाबी-जांभळ्या झुबक्यांचं 'क्रेप मर्टल' मेंदीच्या कुळातलं. महाराष्ट्राचं राज्यफूल ताम्हण हे तर त्याचं सख्खं भावंड. पण त्याच्या पानांना सुगंध नसतो. 'लेमन मर्टल' हे आणखी तिसरंच, ऑस्ट्रेलियातलं झाड.

खरं मर्टल कसं ओळखायचं?

फोटोवर विसंबू नये, पान हातात घ्यावं. मर्टलचं पान लहान, टोकदार, चकचकीत असतं आणि पानं समोरासमोर जोडीने येतात. पान उजेडासमोर धरलं, तर बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. पान चुरगळलं की निलगिरीची आठवण करून देणारा वास येतो. फूल पांढरं, पाच पाकळ्यांचं, मधोमध पुंकेसरांचा झुपका. पेरूचं फूल पाहिलेल्याला ते लगेच ओळखीचं वाटेल. ठिपके कामिनीच्या पानातही असतात, पण कामिनीचं पान कढीपत्त्यासारखं अनेक पर्णिकांचं असतं.

लागवड

इथे खरी अडचण पावसाची आहे. मर्टलच्या मूळ प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. महाराष्ट्रात नेमकं उलटं. पावसाळ्यात मुळाशी पाणी साचलं की मुळं कुजतात. त्यामुळे कोकणात जमिनीत लावण्यापेक्षा कुंडी बरी, म्हणजे मुसळधार पावसात ती पत्र्याखाली सरकवता येते. देशावरच्या कोरड्या हवेत, उतारावर किंवा उंच वाफ्यात ते जमिनीतही लावून पाहायला हरकत नाही. काळी चिकट माती असेल, तर तिच्यात भरड वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळावं. दिवसाचं निदान पाच-सहा तास ऊन हवं. मातीचा वरचा थर सुकला की पाणी द्यावं. मात्र 'कोरड्या प्रदेशातलं झाड' म्हणून मेमध्ये कुंडी पूर्ण वाळू देऊ नये.

बियांपासून रोप तयार व्हायला फार वेळ लागतो. त्यापेक्षा फुलं नसलेल्या, अर्धवट पक्व फांदीचे बोटभर लांबीचे तुकडे सावलीत, ओलसर वाळूत लावावेत. छाटणी मात्र जपून. फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे कुंपण सारखं कातरत राहिलं तर हिरवी भिंत मिळते, फुलं मिळत नाहीत. स्पेनमध्ये ग्रॅनाडा इथल्या अलहंब्रा राजवाड्यात एका चौकाला मर्टलचंच नाव आहे. तिथे लांबट हौदाच्या दोन्ही बाजूंना त्याची कातरलेली कुंपणं आहेत.

उपयोग

इटलीच्या सार्डिनिया बेटावर पिकलेल्या निळ्या-काळ्या फळांपासून 'मिर्तो' हे मद्य बनतं आणि भाजलेलं मांस मर्टलच्या डहाळ्यांवर ठेवतात. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो, की मिरी माहीत होण्याआधी लोक हीच फळं मिरीऐवजी वापरत. युनानी औषधांत सुकी फळं 'हब्बुल आस' नावाने येतात. ज्यूंच्या सुक्कोथ सणात खजुराच्या झावळीसोबत मर्टलच्या तीन डहाळ्या बांधतात. हिब्रूत त्याला 'हदास' म्हणतात. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजाचाही हा सण आहे. ब्रिटिश राजघराण्यात 1858 साली व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीच्या पुष्पगुच्छात मर्टल होतं, आणि 2011 मध्ये केट मिडलटनच्या गुच्छातही.

घरी पानांचा वापर तमालपत्रासारखा करता येतो: शिजताना एक-दोन पानं घालायची आणि वाढण्याआधी काढून टाकायची. जास्त झाली तर पदार्थ कडवट होतो. बाटलीतलं मर्टल तेल हा वेगळाच, अतिशय तीव्र प्रकार आहे. ते पोटात घेऊ नये आणि लहान मुलांपासून दूर ठेवावं.